येसूबाईंनी सांगितलं, कुणी बघू नका

सोलापुरातल्या त्या गल्लीत कुणाकडे पाहुणे यायचे असले, तर ते रिक्षातून उतरायच्या आधी येसूबाईंना ठाऊक असायचं. मुलगी बघायला आलेत, का भांडण मिटवायला आलेत, का नुसतेच आलेत, हेही ठाऊक असायचं. आणि येसूबाईंना ठाऊक झालं की दुपारच्या भाकरीच्या आत ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं असायचं. बाईंचं एक मात्र कबूल करायला हवं. त्यांनी उभ्या जन्मात खोटं सांगितलं नाही. सांगितलं ते खरंच, फक्त ज्याचं त्याला कळायच्या आधी. एका मुलीला आपलं लग्न ठरल्याचं येसूबाईंकडून कळलं होतं, आणि एका बाईला नवऱ्याची नोकरी गेल्याचं. त्या बाईनं पुढं वर्षभर अबोला धरला. येसूबाईंना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या घरची बातमी मागच्या दारानं येतच राहिली.

बाई साठीच्या आसपासच्या, अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. सकाळपासून घराच्या ओट्यावर मांडी घालून बसायचं, पुढ्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग. कारखान्यातून शिवून आलेल्या शर्टांचे सुटे धागे लहान कातरीनं कापायचे, बटणं लावायची, घडी घालायची. जून तोंडावर आला की ढिगामागं बाई दिसेनाशा व्हायच्या, पण त्यांना सगळं दिसायचं. हात शर्टावर आणि डोळे रस्त्यावर. समोरच्या ओट्यावर निंगव्वा. ती मूळची अक्कलकोटकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी, आणि बातमीच्या कामात येसूबाईंच्या तोडीची गल्लीत तेवढी एकच. दोघी दिवसातून एकदा भांडायच्या आणि दोनदा चहा प्यायच्या.

अशा या बाईंनी एक गोष्ट मात्र कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना मंद्रूपला दिलं होतं. वर्ष-दीड वर्षात त्या माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. का आल्या, हे विचारून विचारून जुनी माणसं थकली आणि नव्या माणसांना विचारायचं सुचलं नाही.

त्या राहायच्या धाकट्या भावाकडे. भाऊ यशपाल एका बँकेत शिपाई, भावजय प्रियदर्शनी खाजगी दवाखान्यात नर्स, आणि त्यांची एकुलती एक धम्मप्रिया. घरात तिला धम्मी म्हणायचे. आई ड्युटीवर, बाप बँकेत, म्हणून धम्मी वाढली ती आत्याच्या मांडीवर आणि गल्लीभरच्या बातम्या ऐकत. पण पोरगी निघाली मुकी. तोंडातून शब्द काढायला लागले की येसूबाईंना दाढ काढल्यासारखं वाटायचं. ही आपल्या घरात जन्मली कशी, असं त्या निंगव्वाला विचारायच्या, आणि निंगव्वा म्हणायची, घरातले सगळे शब्द तूच वापरून टाकलेस, तिला राहिले कुठले.

धम्मीनं एकदा मुलांच्या शिबिरात आनापान शिकून घेतलं. म्हणजे डोळे मिटून बसायचं आणि नाकापाशी लक्ष ठेवायचं. श्वास आत आला, आला म्हणून बघायचा. बाहेर गेला, गेला म्हणून बघायचा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही. येसूबाईंनीही एकदा बसून बघितलं. बसल्या बसल्या चार घरच्या बातम्या आठवल्या, पाचव्या घरची अर्धीच कळली होती असं ध्यानात आलं, आणि बाई ती पुरी करायला उठून गेल्या. धम्मीला मात्र ते जमलं. दर रविवारी सकाळी गल्लीच्या विहारात लहान पोरांना ती हे शिकवू लागली. पुढ्यात माईक, समोर सतरंजीवर चुळबुळणारी पोरं. चार शब्दांची पोरगी माईकवर बोलते, या गोष्टीनं येसूबाईंची छाती इतकी फुलली की ती बातमी त्यांनी गल्लीत एकाच घरी तीन-तीनदा सांगितली. बुद्धपौर्णिमेला तर सगळ्या गल्लीपुढं धम्मीच आनापान घेणार, असं विहारातल्या बायांनी ठरवून टाकलं.

दहावीची परीक्षा संपली आणि यशपालनं पोरीला फोन घेऊन दिला. सुट्टी, सोलापूरचं ऊन आणि हातात फोन. पोरगी दिवसा आतल्या खोलीत आणि फोन तिच्या डोळ्यांत. येसूबाई म्हणायच्या, वाचती काहीतरी. काहीतरी वाचतच होती म्हणा.

मग एका रविवारी धम्मी माईकपुढं बसली, पोरांचे डोळे मिटवले, आपले मिटले आणि तिला झोप लागली.

आधी लोकांना वाटलं स्पीकर खराब झाला. घर्र, घर्र. मग पोरांनी एकेक डोळा उघडून बघितलं. धम्मीची मान हळूहळू खाली येत होती आणि घोरणं विहाराच्या दोन्ही कर्ण्यांतून गल्लीत चाललं होतं. शेवटी कपाळ माईकवर आपटलं, ठक्कन, आणि ती जागी झाली. पोरं हसली, तीही कसंनुसं हसली. एवढ्यावर मिटलंही असतं. पण मागं उभ्या असलेल्या तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीनं ते फोनमध्ये घेतलं होतं, आणि संध्याकाळी ते सनईचे सूर लावून वर चढवलं. खाली लिहिलं होतं, ध्यान लागलं गं लागलं. मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी काढून टाकलं, पण तोवर ते पुढच्यांच्या हातात गेलं होतं. पुढच्यांना काय, त्यांनी आणखी एक ठक्कन जोडलं.

धम्मीनं हे घरात कुणाला सांगितलं असेल? आईला नाही, बापाला नाही. आत्याला. रडत रडत, पदराला धरून, आत्याच्याच फोनवर तो व्हिडिओ दाखवत. आणि वर म्हणाली, “आत्या, कुणाला सांगू नकोस.”

आता हे येसूबाईंना सांगणं म्हणजे मांजरीला दुधावर बसवणं झालं, असं कुणीही म्हणेल. पण त्या दिवशी बाईंनी मनापासून ठरवलं होतं. सकाळ गेली, त्या बोलल्या नाहीत. निंगव्वानं दोनदा विचारलं, तोंड का असं उतरलंय, तरी बोलल्या नाहीत. दुपारी मात्र त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला. पोरीच्या वर्गानं बघितलं ते बघितलं, गल्लीनं अजून बघितलेलं नाही. आज ना उद्या बघणार. मग कुणी बघायच्या आधीच सांगून ठेवलं, की बाबांनो बघू नका, तर?

इथं गल्लीतल्या पाण्याची गोष्ट सांगायला हवी. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल याचा नेम नाही. चावी फिरवणारा दिपक गल्लीतलाच. त्यानं फोनवर एक ग्रुप काढला होता, ‘पाणी आलं’ नावाचा. त्याचा नियम कडक. फुलं नाहीत, सुप्रभात नाही, वाढदिवस नाहीत. चावी फिरली की दिपक लिहिणार, पाणी आलं, बस. एकानं बारशाचं आमंत्रण टाकलं तर दिपकनं त्याला काढला आणि बाळाचं बोरन्हाण होईतो परत घेतला नाही. त्यामुळं झालं काय, की गल्लीतल्या प्रत्येक घरात या एका ग्रुपचा आवाज मोठा ठेवलेला. तो वाजला की हातातली भाकरी टाकून माणूस बादलीकडे धावतो.

येसूबाईंनी विचार केला, सगळ्यांनी ऐकायला पाहिजे, तर सगळे ऐकतात कुठं? त्यांनी फोन तोंडाशी धरला.

“मी येसूबाई बोलतीया. आमच्या धम्मीचा घोरायचा व्हिडिओ फिरायलाय. लहान पोर हाय. कुणी बघू नका. आन् कोणता ते कळावं म्हून खाली लावलाय.”

आणि खाली लावला.

गल्लीभर फोन वाजले. बादल्या खडखडल्या, घागरी धडपडल्या, कुणीतरी मोटारीचं बटण दाबून आलं. नळाला नुसता वारा. मग लोकांनी फोन उघडला. ज्या घरांत आयुष्यात असलं काही बघितलं नसतं, त्या घरांतल्या म्हाताऱ्यांनीही चष्मा लावून बघितलं, कारण न बघता नळाचं कळणार कसं. आतल्या खोलीत धम्मीनं आपल्याच घोरण्याचा आवाज चारी भिंतींतून ऐकला.

दिपकनं येसूबाईंना ग्रुपातून काढलं. यशपाल संध्याकाळी आला, ताटावर बसला आणि न जेवता उठला. प्रियदर्शनी एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही तरी.”  धम्मीनं आत्याकडे एकदा बघितलं आणि दार लोटून घेतलं. येसूबाईंना जन्मात पुष्कळ शिव्या मिळाल्या होत्या, त्या त्यांनी खाऊन पचवल्या होत्या. हे बघणं काही पचेना.

त्यानंतर धम्मी बाहेर यायचीच बंद झाली. पाणी भरायला नाही, दुकानाला नाही. विहारातली पोरं दारात येऊन विचारायची, ताई येणार का, तर आतून उत्तर नाही. कोपऱ्यावरची टारगट पोरं दारावरून जाताना घर्र घर्र करायची. येसूबाई त्यांच्या बापांची नावं घेऊन, आज्यांची लफडी काढून हाकलायच्या, पण आवाज आत पोचायचा तो पोचायचाच. पोरीच्या आवडीची शेंगाची चटणी दह्यात कालवून आत नेली, तर दोन घास खाऊन ताटली परत. सारखा तो फोन. अंगठ्यानं खाली ओढायचं, बघायचं, पुन्हा ओढायचं. कुणी नवीन काय लिहिलंय ते बघायचं, आणि जे लिहिलंय त्यानं आणखी आत जायचं. विहारातल्या बायांनी निरोप धाडला, पौर्णिमा जवळ आलीय, तिला जमणार नसेल तर दुसरं कुणी बघतो. येसूबाईंनी निरोप आत सांगितलाच नाही. बाईंनी निरोप गिळण्याची ही पहिलीच वेळ.

 रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. आतल्या खोलीतून जरा आवाज आला की उठून बसायच्या, आणि आवाज आला नाही तर आणखीच उठून बसायच्या.

अशात एका सकाळी निंगव्वा येऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, आमच्या अक्कलकोटकडच्या नात्यातली एक पोरगी होती बघ, अशीच, फोनवरून काहीतरी झालं, आणि मग एक दिवस...

येसूबाईंनी निंगव्वाच्या तोंडावर हात ठेवला. “फुडचं सांगू नको.”

निंगव्वा बघतच राहिली. या बाईनं कुठलीही बातमी अर्ध्यात थांबवलेली कुणी पाहिली नव्हती. निंगव्वा गप उठून गेली, आणि येसूबाई घरात आल्या. त्यांनी फिनेलची बाटली उचलून माळ्यावर टाकली. धम्मीच्या आईच्या औषधांचा डबा कपाटात घालून किल्ली कनवटीला लावली. मग आपली धागे कापायची कातर हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि ती पिठाच्या डब्यात खाली खुपसली.

दुपारी ओट्यावर बसल्या खऱ्या, पण कातरीवाचून काम होणार कसं? त्या दातांनी धागे तोडू लागल्या. निळ्या शर्टांचे धागे, निळी जीभ. ढीग तसाच.

आतलं दार उघडलं. धम्मी पाणी प्यायला आली होती. तिनं आत्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं.

“आत्या, कातर कुठंय?”

“हरवली.”

 मागं उघड्या दारातून माळ्यावरच्या फिनेलच्या बाटलीकडे धम्मीची नजर गेली, कपाटाच्या कुलपाकडे गेली. पोरगी मुकी होती, बुद्दू नव्हती. ती आत्याच्या शेजारी खाली बसली.

“आत्या, मी तसलं काही करणार नाही.”

येसूबाईंच्या तोंडात धागा होता, तो तसाच राहिला. एवढे दिवस ज्या शब्दाला त्या घाबरत होत्या, तो पोरीनं न उच्चारताच समोर ठेवला होता. त्यांना वाटलं, आपण रडणार. पण बाई रडल्या नाहीत, त्यांनी पोरीचं मनगट घट्ट धरलं.

“खरं सांग. मनात येतंय का?”

“कधी कधी वाटतं, कुठंतरी निघून जावं. केमला, मामाच्या गावी. नाहीतर झोपून राहावं. उठूच नये.” मग थांबून म्हणाली, “पण तसलं नाही करणार.”

“वाटलं की मला उठवायचं. मी झोपलेली असले तरी. दार वाजवायचं न्हाय, सरळ हलवायचं.”

“तू झोपतेस कुठं,” धम्मी म्हणाली. “तुझी चाहूल ऐकू येते मला.”

येसूबाईंनी फोनकडे मान केली. त्यात एवढं काय असतंय ते वाचून दाखव म्हणाल्या. धम्मी नको नको म्हणाली. येसूबाई हटल्या नाहीत. आयुष्यभर त्यांचा एकच अनुभव होता, की जे कानात सांगितलं जातं ते भुतासारखं असतं, आणि तेच चारचौघांत मोठ्यानं म्हटलं की त्याचे पाय दिसतात. हे काही त्यांनी पोरीला सांगितलं नाही. त्यांनी नुसता शर्ट मांडीवर घेतला आणि कान पुढं केला.

धम्मीनं पहिलं वाचलं, पुटपुटत. कुणी ‘सोलापूरचा वाघ’ म्हणून होता, त्यानं लिहिलं होतं, हिला उशी द्या. फोटो बघू, म्हणाल्या येसूबाई. बघितला. हा वाघ व्हय? हा तर पलीकडच्या बोळातला, सातवीपर्यंत अंधारात लघवीला जायला आजीला उठवायचा. पुढचं वाच. पुढं एक मुलगी होती, तिनं हसून हसून रडणारी तोंडं लावली होती. येसूबाईंनी तिच्या आईचं लग्न कसं दोनदा मोडता मोडता राहिलं ते सांगितलं. मग एक नांदेडचा निघाला. हा कोण, येसूबाईंनी विचारलं. माहीत नाही, धम्मी म्हणाली. मग त्याला पण आपण माहीत न्हाय, म्हणाल्या बाई, आणि एक धागा दातांनी तोडला. धम्मीच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. येसूबाईंनी तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं. वाचत राहा म्हणाल्या.

असं चाललं बराच वेळ. उन्हाची तिरीप ओट्यावरून सरकत आत आली. आणि मग धम्मी वाचता वाचता थांबली.

“वाच की.”

“हे नको.”

“वाच.”

तिनं ते वाचलं, एकाही शब्दावर जोर न देता, रोज म्हणून पाठ झालेलं असावं तसं. “असल्या पोरींनी मेलेलं बरं.”

येसूबाईंकडे यावर काही नव्हतं. लिहिणाऱ्याचा फोटो नव्हता, नाव खोटं होतं, आई नाही, आजी नाही, बोळ नाही.  

“रोज वाचती हे?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

 धम्मीनं फोन उलटा ठेवला आणि डोळे मिटले. येसूबाई घाबरल्या, मग त्यांना दिसलं, पोरीची छाती वरखाली होतेय, हळूहळू. आला. गेला. त्या हलल्या नाहीत. एवढा वेळ न बोलता बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं, म्हणजे मंद्रूपनंतर.

डोळे उघडून धम्मीनं विचारलं, “आत्या, तू परत आलीस तेव्हा तुझ्याबद्दल पण बोलत असतील ना सगळे?”

“लई.”

“मग तू काय करायचीस?”

येसूबाईंनी शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मंद्रूपच्या त्या घरात कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. कुणी त्यांच्याशी बोलायचंच नाही. सासू नाही, जावा नाही, नवरा नाही. का, ते त्यांना कधीच कळलं नाही. भाकरी व्हायची, ढोरांचं पाणी व्हायचं, दिवस मावळायचा, आणि त्यांच्या नावानं एक हाक नाही. त्या घाबरल्या आणि निघून आल्या. आता हे कारण म्हणून कुणाला सांगायचं? कोण मानणार? म्हणून गल्लीनं आपल्या मनानं कारणं काढली, एकापेक्षा एक. नळावर गेलं की बायकांचं बोलणं थांबायचं.

“ते थांबायचं न्हाय का, ते लई लागायचं. मग मी काय केलं, आपणच आदी सुरू करायचं. कुणाचं तरी काढायचं. लोक त्यात गुंतले की माझं ऱ्हाऊन जायचं.”

“किती दिवस केलंस असं?”

“अजून चाललंय की.”

धम्मी हसली नाही. तिनं आत्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. “मला असं नको, आत्या,” ती म्हणाली.

“व्हय,” येसूबाई म्हणाल्या. “तुला असं नको.”

संध्याकाळी प्रियदर्शनी ड्युटीवरून आली, तेव्हा येसूबाईंनी धम्मीलाच पुढं केलं. या वेळी बातमी जिची होती तिनंच सांगितली. आईनं ते वाक्य वाचलं, खाली बसली, पोरीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग मायलेकींनी मिळून ते वाक्य लिहिणाऱ्याची तक्रार केली आणि त्याला ब्लॉक करून टाकलं. यशपालनं पोरीला ओरडायचं मनात आणलं होतं, पण बायकोच्या तोंडाकडे बघून तो गप्प राहिला आणि सगळ्यांना चहा करून आणला. तो चहा इतका वाईट होता की धम्मीनं पुरा प्यायला. रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, असं धम्मीच म्हणाली. तेव्हा कळलं, त्या रविवारी तिला झोप का लागली होती. तिनं आपला एक फोटो टाकला होता आणि पहाटेपर्यंत कुणाकुणाला आवडला ते बघत बसली होती. कुणालाच फारसा आवडला नव्हता.

कातर पिठातून बाहेर आली. पण औषधांच्या कपाटाची किल्ली कनवटीलाच राहिली. धम्मी आता ओट्यापर्यंत यायची, कोपऱ्यावरून घर्र झालं की परत आत. पौर्णिमेचं विचारलं तर म्हणायची, बघू. तो ‘बघू’ येसूबाईंनी उलटासुलटा करून पाहिला, त्यातून काही निघेना.

मग बाईंनी आपल्या परीनं एक बेत केला. गल्लीत जुनी बातमी कधी मरते? नवी आली की. तर पौर्णिमेला विहारात आपण सगळ्यांत पुढं, माईकला चिकटून बसायचं, आणि डोळे मिटले की जोरात घोरायला लागायचं. लोक हसतील ते म्हातारीला. टारगट पोरांना घर्र करायला दुसरं गिऱ्हाईक मिळेल. बेत इतका पसंत पडला की बाई मोरीत जाऊन सराव करू लागल्या. यशपालनं दारावर टकटक करून विचारलं, अक्का, दम लागलाय का, डॉक्टरकडे जायचं का?

पौर्णिमेच्या सकाळी धम्मी पांढरा ड्रेस घालून बाहेर आली. चेहरा कागदासारखा. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. येसूबाईंनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती परत आत गेली असती, असं त्यांना वाटत होतं. विहारापर्यंत त्या तिच्या अर्धं पाऊल मागं चालल्या, कोण बघतंय, कोण तोंड दाबतंय, हे बघत. आज पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या तोंडाची बातमी नको होती.

विहार भरलेला होता. खिरीच्या निमित्तानं निंगव्वाही नातवाला, शिवयोगीला, घेऊन आली होती. वंदना झाली आणि धम्मी माईकपुढं बसली. मागून कुठूनतरी बारीक घर्र झालं, आणि कुणीतरी फसकन हसलं. येसूबाई ठरल्याप्रमाणं माईकला चिकटून बसल्या होत्या. आता, त्या मनात म्हणाल्या, आता डोळे मिटायचे आणि सुरू करायचं.

पण धम्मी आधी बोलली. आवाज कापत होता, स्पीकरमधून तो कापरा आवाजही मोठा होऊन आला.

“मागच्या वेळी मला इथं झोप लागली. आदल्या रात्री मी फोन बघत बसले होते. तुम्ही सगळ्यांनी बघितलंच आहे. आज कुणाला झोप आली तर येऊ द्या. घोरलात तर शेजाऱ्यानं फक्त हलवायचं.” मग एक श्वास घेऊन म्हणाली, “डोळे मिटा.”

कुणी हसलं नाही. हसायचं ते तिनंच सांगून टाकलं होतं, मग उरलं काय? येसूबाईंचा बेत तिथंच निकामी झाला. त्यांनी डोळे मिटले. श्वास आला, तो त्यांनी बघितला. गेला, तोही बघितला.  आला. गेला. आणि त्यानंतरचं त्यांना काही ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा समोर धम्मी खिरीची वाटी घेऊन उभी होती. डोक्याखाली तिची ओढणी घडी करून ठेवलेली, आणि माईक जागचा हलवलेला.

“तोंड पूस आत्या, लाळ आलीय.”

काय झालं गं, येसूबाईंनी विचारलं. धम्मी म्हणाली, मी कुणाला सांगू नको म्हटलेलं तू ऐकलं होतंस का? मग मी पण नाही सांगत. आणि वाटी हातात देऊन पोरांकडे निघून गेली.

म्हणून बाईंना निंगव्वाच्या ओट्यावर जावं लागलं. उभा जन्म त्यांनी गल्लीला सांगितलं होतं, आणि आज आपलीच बातमी दुसरीकडून ऐकायची पाळी. निंगव्वानं ती संधी सोडली नाही. आधी चहा ठेव म्हणाली. चहा झाला तर साखर कमी म्हणाली. मग सावकाश सुरू केलं. येसू, असं घोरलीस गं, स्पीकरची जाळी थरथरली. भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. आणि एक पोरगं फोन वर करायलं होतं.

“कुणाचं?”

“कुणाचं तरी,” म्हणून निंगव्वा बशीत बघू लागली. येसूबाईंना शिवयोगीचं नाव लगेच कळलं, पण त्या बोलल्या नाहीत. बशीच्या वाफेआडून त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

निंगव्वानं सांगितलं, धम्मी उठली. माईकवरून नाही, साध्याच आवाजात म्हणाली, फोन खाली ठेव, लई दिवसांनी झोपलीय ती. पोरानं ठेवला. मग तिनं माईक उचलून लांब नेला आणि ओढणी काढून तुझ्या मानेखाली घातली.

“हसली का गं ती?” येसूबाईंनी विचारलं.

निंगव्वानं बशीवर फुंकर घातली. पुन्हा घातली. येसूबाईंना वाटलं, हिचा गळा धरावा.

“हसली की. आदी हसली, मग डोळं पुसलं, मग परत हसली.”

त्या दिवसाचा व्हिडिओ कुणाकडेच नाही. जे काही आहे ते निंगव्वाच्या तोंडात. कोपऱ्यावरची घर्र अजून अधूनमधून होते, धम्मी अधूनमधून आत जाते, आणि किल्ली अजून कनवटीलाच आहे. दिपकनंही बाईंना ग्रुपात परत घेतलेलं नाही, त्यामुळं पाणी आल्याचं त्यांना निंगव्वाकडूनच कळतं. तेवढ्या निमित्तानं जाऊन बसायचं आणि म्हणायचं, निंगे, ते विहारातलं सांग की परत. निंगव्वा सांगते. दर खेपेला घोरणं वाढत जातं, हल्ली तर छपराचा पत्रा उडायला लागलाय. येसूबाई वाढू देतात, मध्ये बोलत नाहीत. हसली, डोळं पुसलं, परत हसली, तेवढी एक जागा मात्र दर वेळी तशीच येते का, हे त्या हातातला धागा तसाच धरून ऐकतात.